शेजारच्या सीटवरचा कंदील

आमच्या डोंगरातल्या क्युहेईची गाडी पिवळ्या नंबरपाटीची, म्हणजे जपानातल्या सगळ्यात छोट्या जातीची, आणि एवढी चिमुकली, की तो आत शिंकला तर दारं फुगायची. त्याची लेक ओसाकाहून फोनवर ओरडायची, “बाबा, पत्र्याचा डबा आहे तो! एक धडक बसली तर चपटे व्हाल!”

“एकट्या माणसाला केवढी गाडी लागते गं?”

ओबोनला, पितर घरी येतात त्या दिवशी, तो गाडी घेऊन बायकोच्या थडग्याशी गेला. पेटवलेल्या कंदिलातून तिला घरी घेऊन निघाला. कंदील शेजारच्या सीटवर ठेवून त्याने पट्टाही लावला. वळणावर बैलाएवढं रानडुक्कर डावीकडून धडकलं. खोटं वाटत असेल तर डुकराला विचारा. गाडीची डावी बाजू पंख्यासारखी मिटली. क्युहेईला साधा ओरखडाही नाही.

मी त्याचा शेजारी, आवाज ऐकून धावत गेलो आणि तिथूनच लेकीला फोन लावून दिला.

“नशीब बाबा, शेजारी कुणी नव्हतं!”

“तुझी आई होती,” तो म्हणाला.

क्युहेईने चेपलेला, विझलेला कंदील ओढून काढला, हातानेच सरळ केला आणि तिला पुन्हा आणायला पायीच थडग्याकडे निघाला.

“थांब रे, मीही येतो,” मी म्हटलं.

“नको,” तो म्हणाला. “आधीच घाबरली असेल ती.”