तिसऱ्या मजल्यावरच्या वाट्या

आमच्या मुलुंडच्या सोसायटीचा सेक्रेटरी देवेश, राहतो आमच्याच मजल्यावर. त्याने आमचा सामायिक पॅसेज गिळला, तो वाटी-वाटीने. आधी त्याच्या आईने, सुंदराबाईंनी, मजल्यावर सगळ्यांकडे वाटीतून तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं धाडलं, मग त्यांचं चपलांचं कपाट बाहेर पॅसेजमध्ये आलं. कोळंबीच्या कालवणामागोमाग शोकेस आलं. गेल्या आठवड्यात कोंबडी-वडे आले, तेव्हाच मी ओळखलं की आता काहीतरी मोठं येणार. लोखंडी ग्रिल आलं, पॅसेजच्या तोंडाशीच.

त्यातून अंग चोरून माणूस जातो, व्हीलचेअर जात नाही. आमचे हे, गुणाजी, व्हीलचेअरवर असतात. उचलून न्यावं तर हाडं ठिसूळ झालीत, डॉक्टरांची सक्त मनाई आहे. आणि सोमवारी त्यांची केमो.

शनिवारी सोसायटीच्या हॉलमध्ये कॅन्सरवर व्याख्यान होतं. बोलणार होती समोरच्या दारातली डॉक्टर श्वेता, ती त्यावरच संशोधन करते. देवेशने तिला शाल-नारळ दिला. बोलली छान. म्हणाली, "गाठ नुसती जागेवर वाढत नाही. ती बारीक बारीक पुड्या बाहेर सोडते, व्हेसिकल्स म्हणतात त्यांना. कॅन्सरला पुढे जिथे पसरायचंय, तिथे या पुड्या आधी पोचतात आणि जागा तयार करून ठेवतात. काही पुड्या आपल्या राखणदार पेशींना सुस्त करतात. राखणदार असतात तिथेच, पण काही करत नाहीत."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर्वांत जोरात देवेशने.

मी उठले. "मग त्या ग्रिलचं काय करायचं?"

लोक खुर्च्या आवरायला लागले. त्या वड्यांवर सगळ्यांनीच ताव मारलेला. श्वेताने माझा हात धरला. "काकू, अ‍ॅडजस्ट करू ना. किती चांगली माणसं आहेत ती."

डोकंच फिरलं माझं. घरी आले, सुंदराबाईंची वाटी घासली आणि परत केली. रिकामी. आमच्यात शेजारची वाटी रिकामी पाठवत नाहीत, चिमूटभर साखर तरी टाकतात. सुंदराबाई वाटीत बघतच राहिल्या.

ग्रिलसाठी मीटिंग घ्यायला कमिटीत कोणाला वेळ नव्हता. पण त्याच संध्याकाळी माझ्या चहाला उकळी यायच्या आत अख्खा मजला दारात हजर. पुढे श्वेता. "काकू, असं वागतात का? रडतायत त्या. सॉरी म्हणा ना, विषय संपवू."

"आणि ग्रिल?"

"तो विषय वेगळा," देवेश फार गोड आवाजात म्हणाला.

मी दार लावलं. सोमवार चुकला तर काय, हाच विचार करत मी चहाचा गॅस बंद केला. गुणाजींनी आतून सगळं ऐकलं होतं.

"सोमवारी माका वाटयेत घालून पाठय," ते म्हणाले. "ह्या मजल्यार वाटयेक कोण अडवणा नाय."