धानातला रस्ता

कुशलची एक खोड अनुसयाबाईंना मुळीच खपत नसे. आईला विचारायला म्हणून यायचा आणि सारं ठरवूनच यायचा. त्या दिवशीही तसाच आला. त्या भाजी निवडत होत्या, त्यांच्या सुपावरच त्याने प्लॉटच्या नव्या कॉलनीचा रंगीत नकाशा पसरला.

"आई, राजेगाव रोडवर तीन प्लॉट पाह्यले. बाजारातलं दुकान विकून टाकू. दोन सालात पैसा डबल होते."

"मंग आता मले काहून विचारून राह्यला?"

"दुकान तुह्या नावावर हाये ना."

"हौ. म्हणून आठवली माय."

बालाघाटच्या बाजारातल्या त्या दुकानाच्या भाड्यावर घराचं दाणापाणी चाले. नवरा गेल्यावर ते अनुसयाबाईंनीच घेतलं होतं, दीर-जावांनी नको नको म्हटलं असताना. पण घेण्याआधी त्या समोरच्या चहावाल्याच्या बाकावर उन्हाळ्यात बसल्या, चिखलात बसल्या, थंडीतही बसल्या. गिऱ्हाईक कुठून येतं, कधी तुटतं, सारं पाहून मगच अंगठा उमटवला. धोका त्यांनीही पत्करला होता, पण डोळे उघडे ठेवून.

"जमीन दाखव," त्या म्हणाल्या.

"मी पाह्यली ना! चैतात गाडी सीधी प्लॉटपर्यंत गेलती."

"चैतात पाह्यली. आता श्रावणात पाहू."

रविवारी सून पौर्णिमाही सोबत निघाली. राजेगावच्या अलीकडे कुशलने गाडी थांबवली. उतरला, पुढे गेला, मागे आला. डांबरी रस्त्याच्या कडेपासून दूरवर नुसतं हिरवंगार धान, मध्ये एक माणूस मावेल एवढा धुरा, शेताचा बांध. पार पलीकडे कॉलनीचे रंगवलेले दगड चमकत होते.

"रस्ता तं इथंच होता," तो पुटपुटला.

धुऱ्यावर बसलेल्या म्हाताऱ्याने मान वर केली. महागू त्याचं नाव, वावर त्याचंच. "रस्ता कोणता, बाबू? हे माहं वावर हाये. धान कापलं का सारेच यातून जातेत. बैलबंड्या जातेत, ट्रॅक्टर जातेत, लग्नाची वरातबी जाते. कोणी कोणाले अडवत नाही. पावसाळ्यात धानाची रोवणी झाली का बंद. आमच्याइकडे असंच चालते."

अनुसयाबाईंना नवल वाटलं नाही. माहेरी रामपायलीला असंच चालत आलेलं. पण कुशल वाढला गावात नाही, शहरात. मोकळं वावर त्याला सडक वाटलं.

कुशलने स्पीकर सुरू करून प्लॉटवाल्याला फोन लावला. "हो जाएगा भैया," तिकडून आवाज आला. "किसान मान जाएगा. आप बयाना तो दो."

"मले तं कोणी विचारलंबी नाही," महागू म्हणाला.

"तुमी पट्टी देसान का, भाऊ?" अनुसयाबाईंनी विचारलं. "रस्त्यापुरती?"

"पोरीच्या नावानं करून ठेवलं, बाई. ते गोंदियाले राह्यते. तिच्या मनावर."

"बरोबर हाये."

पौर्णिमाने गाडीतून डबा आणला. रस्त्यावरच्या छोट्या पुलाच्या कठड्यावर बसून तिघांनी भाकर खाल्ली, महागूलाही दिली. वाऱ्याने धान एका बाजूला झुकत होतं. कुशल पलीकडच्या रंगवलेल्या दगडांकडे पाहत होता.

"म्हणजे सारंच खोटं?" शेवटी तो म्हणाला.

"जमीन खोटी नाही. तुहं पाहणं अर्धं हाये." अनुसयाबाईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि त्याच्याकडे वळल्या. "आयक. दुकान हलणार नाही, ज्याच्यावर चूल पेटते ते डावावर लावत नाही. तुले हौस हाये तं तुह्या पगारातून एक घे. तीन नाही, एकच. तेबी महागूभाऊच्या पोरीनं रस्ता लिहून देल्ल्यावर. मंग बुडालं तं तुही हौस बुडन, घर नाही बुडन. आन् पुढच्या खेपेले मले विचाराले येशीन, तं ठरवून येऊ नको."