गोधडीच्या पोटातली गोधडी

“सुयाच बेकार येऊन राह्यल्या आता. नेढंच नसते त्याईले!” जनकाबाई पुटपुटल्या आणि सुई-दोरा नातीच्या हातात दिला. नात सारिकानं मुकाट्यानं दोरा ओवला. मी जनकाबाईंच्या मांडीवरच होते, म्हणून हे ऐकलं. त्या मलाच शिवत होत्या.

मित्रांनो, मी एक जुनी गोधडी आहे, पिंपळगाव राजा या गावची. किती जुनी, ते मलाही नक्की सांगता यायचं नाही. आमच्याकडे गोधडी विरली की फेकत नाहीत. तिच्यावरच दुसरं लुगडं चढवून पुन्हा टाके घालतात. माझ्या पोटात जनकाबाईंची लग्नातली साडी आहे, त्यांच्या मुलाची शाळेची चड्डी आहे. पोरं माझ्यावर लोळली, रांगली, मुतलीसुद्धा. थंडीत मला ओढायला भांडणं, उन्हाळ्यात मी माळ्यावर. चित्र म्हणून माझ्याकडे कोणी पाहिलं नाही.

यंदाचे टाके मात्र जनकाबाईंनी अंदाजानं घातले. कडेनं निघालेला धावदोरा चौकोनात फिरत मध्यावर यायचा, तो वाटेतच भरकटला. एक कोपरा तर शिवायचाच राहिला. घरात सगळ्यांना कळलं, बोललं कोणी नाही. बोललं की सुई हातातून जाणार. आणि सुई गेली की जनकाबाईंनी दिवसभर करायचं काय?

अशात शाळेत मंजुश्री मॅडम म्हणाल्या, “चित्रं फक्त कागदावर नसतात. घरात शोधा, घेऊन या.” कोणी बैलाची झूल आणली, कोणी रंगवलेलं सूप. सारिकानं मला आणलं; सोबत आई आणि आजी.

मॅडमनी मला खिळ्यांवर टांगलं. जन्मात पहिल्यांदा मी उभी राहिले.

“बघा रे, रेषा कशा नदीसारख्या वळवल्यात! मावशी, मुद्दाम ना?”

“हाव, डिझाईनच हाये ते,” जनकाबाईंची सून, सारिकाची आई, घाईघाईनं म्हणाली.

“मग खामगावच्या प्रदर्शनात सगळ्यांसमोर शिवून दाखवाल?”

जनकाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या.

वर्गात श्रद्धा नावाची एक चौकस पोरगी. तिनं माझ्या उघड्या कोपऱ्यात बोट घातलं. “मॅडम, हिच्या पोटात अजून एक गोधडी हाये!”

अख्खा वर्ग धावला. मला गुदगुल्या झाल्या.

“आतले टाके तर एकदम सरळ हायेत,” श्रद्धा म्हणाली. “आजी, मंग वरचेच वाकडे काऊन?”

सून खोकली. सारिका पायाच्या अंगठ्याकडे बघत बसली.

मित्रांनो, खरं तर आता मी तुम्हाला सांगणार होते की घरातल्या जुन्या वस्तूंना अधूनमधून ऊन दाखवत जा, त्यांना निरखून बघत जा. पण तेवढ्यात जनकाबाई उठल्या, चाचपडत माझ्याजवळ आल्या आणि आतल्या टाक्यांवरून बोट फिरवत राहिल्या.

“हे घातले तवा मले दिसे, माय,” त्या श्रद्धाला म्हणाल्या. “आता दिसत नाही.”