किलवर सत्ती

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. शिंप्याच्या दुकानावरचा हॉल, खुर्च्या पन्नास आणि माणसं दीडशे. जिन्यात अडकलेल्यांना काही दिसत नव्हतं, तरी तेही टाळ्या वाजवत होते. पुढे टेबलामागे पत्तेबाबा, त्याच्यासमोर माझी थोरली बहीण, आणि तिसऱ्या रांगेत मी, नाइलाजानं आल्यासारखा चेहरा करून.

"मी कोण बरं करणारा?" बाबा म्हणाला. "मी साधा पत्ते पिसणारा माणूस. आजार आपणहून पत्ता धरून बाहेर येतो, मी फक्त दार उघडतो." हे तो माणसागणिक म्हणायचा आणि लोक दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी मान डोलवायचे.

ताईने कॅटमधून एक पत्ता ओढला. किलवर सत्ती. छातीत गाठ होती तिथे कपड्यावरून तो टेकवला आणि परत कॅटमध्ये खुपसला. पहिल्या रांगेतल्या एकाने कॅट मनसोक्त पिसला. बाबाने डोळे मिटले, कॅट चिमटीत धरला आणि सर्रकन एकच पत्ता ओढून काढला. किलवर सत्ती! तो टराटरा फाडत म्हणाला, "गेली. आता सुरी लावायची नाही. सुरी लावलीत तर तिला परत वाट मिळेल."

गुरुवारी ताईचं ऑपरेशन होतं. गाठ लहान आहे, आत्ताच काढली तर ताई ठणठणीत होण्याची चांगली आशा आहे, असं डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं होतं.

मी आणि ताई एकाच छापखान्यात. ती बाइंडिंगला पुस्तकं शिवते, मी कटिंग मशीनवर. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषयच नव्हता. फोरमनचं म्हणणं, बाबाच्या अंगठीत आरसा आहे. आमचे मुद्रितशोधक, ज्यांना सगळे 'अनुस्वार' म्हणतात, ते म्हणाले की बाबाला बावन्न पत्त्यांचा क्रम पाठ असतो. पिसल्यावर ते पाठांतर काय चुलीत घालायचं, असं फोरमननं विचारलं, तेव्हा अनुस्वार रुसले. मशीनमनला पिसणारा माणूसच फितूर वाटत होता. मी म्हटलं, पत्त्याला मेण लावलेलं असणार. अर्धा तास आम्ही असे हमरीतुमरीवर आलो होतो आणि खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती.

ताई शेजारीच जेवत होती. एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. शेवटी डब्याचं झाकण लावत म्हणाली, "कसाही काढू दे. माझा पत्ता निघाला ना? मी गुरुवारी जाणार नाही."

दोन दिवस मी तिच्या हातापाया पडलो. भाऊजींना मध्ये घातलं, तर ते म्हणाले, तिच्या मनाविरुद्ध कसं करायचं. ऑपरेशनची धास्ती त्यांनाच जास्त होती. बुधवारी संध्याकाळी मी ताईला आणि फोरमनला घेऊन हॉलवर गेलो आणि 'मी पिसतो' म्हणत पुढे घुसलो.

कॅट हातात घेतला आणि माझे हातच थांबले.

बावीस वर्षं कागद कापतोय. केसभर तिरपा काप मला डोळे मिटून कळतो. या कॅटचं एक टोक दुसऱ्यापेक्षा किंचित अरुंद होतं. त्याच्या चार महिने आधी मफलरवाले एक गृहस्थ छापखान्यात दोनशे कॅट घेऊन आले होते. मुलांचा खेळ आहे म्हणाले, दोन्ही कडा जराशा तिरप्या हव्यात. मी मशीनच्या मागच्या पट्टीला कागदाची घडी लावून असा सुबक काप मारला की फोरमननं पाठ थोपटली होती.

मी लोकांकडे वळलो. सगळं सांगितलं. सगळी अरुंद टोकं एका बाजूला लावलेली असतात. तुम्ही तुमचा पत्ता बघत असता तेवढ्यात बाबा हातातला कॅट उलट्या टोकानं फिरवतो. मग तुमचा पत्ता आत उलटा जातो आणि त्याचं रुंद टोक अरुंद टोकांमध्ये बाहेर डोकावतं. कितीही पिसा, बोटाला तो लागणारच. फोरमनला पत्ता ओढायला लावून मी तो बरोबर काढून दाखवला, दोनदा. "हे पत्ते मी कापलेत," मी म्हटलं, "माझ्या हातांनी."

मला वाटलं, जिंकलो.

बाबा गोड हसला. "पत्ता भाऊंनी काढला, खरं आहे. पण त्यांना आजार काढता आला का?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. जिन्यात फोरमन मला म्हणाला, "म्हणजे आरसा नव्हता. पण तू म्हणतोस तेवढं सोपंही नसणार."

घरी जाताना ताईने माझा हात धरला. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा मोकळा दिसत होता. "खरं सांगू? आजपर्यंत मनात थोडी भीती होती. पण पत्ते तू कापलेस ना? मग झालं तर. तुझ्या हातून माझं वाईट कसं होईल?"

मी भर रस्त्यात उभा राहून रडलो. तीच मला समजावत होती.

गुरुवारी हॉस्पिटलातली तिची खाट दुसऱ्या बाईला मिळाली. आता सात महिने झालेत. गाठ काखेत गेली, मग हाडांत. डॉक्टरीणबाई आता ऑपरेशनचं नाव काढत नाहीत, फक्त दुखणं कमी होण्याचं औषध लिहून देतात. परवा मफलरवाले नवे कॅट घेऊन आले होते. मी त्यांना हाकलून दिलं. पलीकडच्या गल्लीतल्या छापखान्याने कापून दिले.

तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. पत्ता कसा निघाला यावर खुशाल भांडा, त्यात बुद्धी चालते आणि गंमतही असते. पण त्याच्या आधी विचारा की पत्ता निघाल्यानं गाठ कशी जाईल. त्या सोमवारी आम्ही चार शहाण्यांनी अर्धा तास घालवला आणि हे एकानंही विचारलं नाही. मी तिचा सख्खा भाऊ, मीही नाही. आणि त्या दिवशी ताई अजून ऐकत होती.