लखीचंदशेठ आहारावर बोलतात

चोपड्यात लखीचंदशेठांचं किराणा दुकान मोठं आणि पोट त्याहून मोठं. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी साखर निघाल्याचं सांगितलं, तेव्हापासून शेठ आरोग्याचे जाणकार झाले. रोज सकाळी पांढरे बूट घालून फिरायला निघत, अर्धा किलोमीटर चालत आणि कचोरीच्या गाडीपाशी उभं राहून लोकांना चालण्याचे फायदे सांगत. हातातली कचोरी ते खाण्यात धरत नसत. सूर्यास्ताआधी जेवायचा नेम मात्र त्यांनी कधी मोडला नाही. त्या जेवणात तुपात बुडवलेल्या चार बाट्या, बेसनाच्या गट्ट्यांची भाजी आणि वरून मूठभर शेव.

"मी बेतानंच खातो," ते बायकोला, कुसुमलताला सांगत. तिनं वाद घालणं कधीच सोडलं होतं.

यंदा व्यापाऱ्यांच्या मंडळानं सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्यावर आरोग्य तपासणी ठेवली. भाषण अर्थातच शेठांचं. शाळेच्या व्हरांड्यात समोर बसलेली माणसं त्या दिवसाची मजुरी बुडवून आली होती. गळ्याची हाडं वर आलेली, हातपाय काटक. त्यांच्याकडे बघत शेठ म्हणाले, "अर्धं ताट भाजीचं ठेवा. सावकाश चावून खा. गोड कमी करा, तळलेलं बंद करा. जिभेवर ताबा पाहिजे. तुम्ही लोक विचार न करता खाता, तिथंच चुकतं."

ही माणसं सकाळी ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी खाऊन आली होती. तळणाएवढं तेल त्यांच्या घरात दिवाळीलाच यायचं.

भाषण संपलं. रेशमा नावाची नर्स साखर तपासायचं यंत्र घेऊन बसली, पण बोट टोचून घ्यायला कुणी पुढं येईना. तेव्हा म्हातारे हिलालआबा म्हणाले, "शेठ, पहिले तुमनं तपासा, मंग आमनं."

सगळे हसले. शेठांना माघार घेता येईना. त्यांनी बोट पुढं केलं. रेशमानं नोंद घेणाऱ्याला ऐकू जावं म्हणून आकडा मोठ्यानं वाचला, "तीनशे बेचाळीस."

"यंत्र बिघडलंय," शेठ म्हणाले.

तिनं दुसरं बोट टोचलं. तीनशे अडतीस. मग हिलालआबांचं टोचलं. शहाण्णव.

"यंत्र चांगलं शे, शेठ," आबा हळूच म्हणाले. त्या आवाजात चेष्टा नव्हती, कीव होती. शेठांचे कान तापले.

शेठांबरोबर आलेली कुसुमलता पहिल्या रांगेतून उठून रेशमाकडे गेली. "तूच सांग बाई, आता काय करू?"

"गोळ्या चुकवू नका, डॉक्टरांना लगेच दाखवा," रेशमा म्हणाली. "आणि खाण्याचं म्हणाल, तर काका बोलले ते सगळं बरोबरच होतं, काकू. ते फक्त घरी करा."

कुसुमलतानं केलं. शेवेचा डबा शेजारी देऊन टाकला. ताटात एक भाकरी, दुधीची भाजी, मुगाचं वरण, काकडी. कचोरीवाल्याला स्वतः जाऊन बजावलं. शेठ दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. उपाशी राहण्याची धमकी दिली आणि दुपारपर्यंत टिकवली. पण ताटावरून ते उठून गेले नाहीत. साखरेनं त्यांच्या वडिलांचा पाय गेला होता. ते कुणाजवळ बोलत नसत, पण हल्ली चप्पल घालताना त्यांच्या पायाची बोटं जरा जास्त वेळ चाचपडत.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी साखर बरीच उतरल्याचं सांगितलं. त्याच संध्याकाळी दुकानात चार गिऱ्हाइकं जमवून शेठ सुरू झाले, "मनावर घेतलं की होतं बघा. बाकीच्यांना जमत नाही, कारण इच्छाशक्ती नसते."

कुसुमलता आत मेथी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"उद्या त्या इच्छाशक्तीला कारल्याची भाजी करते," ती म्हणाली.