ओव्हरसाइट

“सही करा ना रंजनाताई, किती वेळ?” ऑफिसातल्या पुष्करने पेन पुढे सरकवलं. “नुसता अपघाताचा रिपोर्ट आहे.”

समोरच्या बाकावर सखू उजवा हात पदरात झाकून बसली होती. पंधरा दिवसांपूर्वी पॅकिंगच्या मशीनने तिची तीन बोटं नेली. अंबरनाथच्या या कारखान्यात रंजना त्या लाइनची सुपरवायझर. मशीनला सुरक्षेची जाळी असली की माल कमी निघतो, म्हणून साहेबांनीच ती काढायला लावली होती. “साहेब, कुणाचा तरी हात जाईल,” असं रंजनाने तीनदा सांगितलं. ऐकतंय कोण?

इंग्रजी रिपोर्टात तिला आपलं नाव दिसलं आणि शेजारी एक ओळखीचा शब्द. ओव्हरसाइट. सुपरवायझर झाल्याच्या पत्रात हाच होता. लाइनची ओव्हरसाइट रंजनाकडे. तेव्हा तिने शिरगावात बिल्डिंगभर पेढे वाटले होते.

“म्हणजे देखरेखच ना रे?”

“हो, तोच शब्द.” पुष्कर खिडकीकडे बघत होता.

रंजनाने कागदाचा फोटो मुलीला पाठवला. स्वप्नाली शाळेत इंग्रजी शिकवते. मिनिटात तिचा फोन आला.

“आई, सही करशील तर बघ! ओव्हर म्हणजे वर, साइट म्हणजे नजर. वरून नजर ठेवली तरी ओव्हरसाइट आणि नजर वरच्यावर निघून गेली तरी ओव्हरसाइटच. इथे ‘तुझ्या ओव्हरसाइटमुळे अपघात’ लिहिलंय. म्हणजे नजरचूक! तुझी!”

रंजनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोच शब्द म्हणे! बावीस वर्षं डोळ्यांत तेल घालून लाइन सांभाळली, त्याचं हे फळ? चोर सोडून संन्याशाला फाशी!

“पुष्कर, जाळी काय मी घरी नेली होती?”

“माझ्यावर कशाला चिडता? साहेब म्हणाले, सही नाही तर उद्यापासून कामावर नाही.”

“साहेबाला म्हणावं, चुलीत घाल तुझं काम!”

तिने तो शब्द खोडला आणि खाली मराठीत लिहिलं. जाळी साहेबांनी काढायला लावली. मी तीनदा सांगितलं. मला सगळं दिसत होतं. इथे तिचा हात थांबला. मग तिने आणखी एक ओळ लिहिली आणि सही ठोकली.

“काय लिवलंस, ताय?” सखूने विचारलं.

रंजनाने वाचून दाखवलं. शेवटची ओळ तिने सखूकडे बघत वाचली. “तरी मी मशीन बंद केलं नाही.”



“मलाबी दिसत व्हतं,” सखू म्हणाली. मग उठून तिने टेबलावरच्या शाईत डावा अंगठा बुडवला आणि रंजनाच्या सहीशेजारी दाबला.