गुडघ्याचं जुनं दुखणं

"लहानपणापासूनच दुखतो तिचा गुडघा," असं उज्वलाने नांदेडच्या दवाखान्यात पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. लेक शिवांगी कबड्डी खेळताना पडली, हे नवरा व्यंकटच्या कानावर जाऊ नये, एवढंच तिच्या मनात होतं. व्यंकट लातूरला डाळ मिलमध्ये नोकरीला होता. मुदखेडला घरी आठवड्यातून एकदा यायचा. पोरीने कबड्डी खेळायची नाही, असं त्याने बजावलं होतं.

आज तो मिलच्या विम्याचं कार्ड घेऊन माय-लेकींबरोबर दवाखान्यात आला. खिडकीवरच्या कारकुनाने ते परत सरकवलं.

"तुमचा विमा यंदाचा, दुखणं त्याच्या आधीचं. डॉक्टरांच्या कागदावरून मी जुन्या दुखण्याचा कोड टाकला. कंपनी नाही म्हणते."

"मग ऑपरेशन?"

"तुमच्या खर्चानं."

तेवढा खर्च झेपणार नव्हता, हे तिघांनाही ठाऊक होतं.

डॉक्टरांनी आत बोलावलं. शिवांगीचा गुडघा वाकवून त्यांनी नडगी पुढे ओढली. ती टेबलाच्या सैल खणासारखी सरकली. शिवांगीने ओढणी दातांत धरली.

"गुडघ्याच्या आत दोन हाडं बांधून ठेवणारी दोरी असते, लिगामेंट. ती तुटली आहे," डॉक्टर म्हणाले. "पण एमआरआयमध्ये हाडाला ताजा मार दिसतो. पडलीस का बाळा?"

"न्हाई. लहानपणापासूनच दुखतो."

"खरं सांगितलंस तर ताज्या इजेचा कोड लागेल. अशीच चालत राहिलीस तर आतली गादीही फाटेल."

"न्हाई पडले मी." तिने आईकडे पाहिलं नाही.

उज्वला पुढे झाली. "पडली. कबड्डी खेळताना. मीच पाठवत होते."

"वा," व्यंकट म्हणाला. "मी तिकडं डाळीच्या धुळीत मरून राहिलो, अन् हितं माय-लेकी एक."

"मला घरी बोला काय बोलायचं ते. आधी तिचा पाय बघा."

डॉक्टरांनी कागद बदलून दिला. कारकुनाने नवा कोड टाकला आणि मान हलवली.

"कंपनीकडं आता दोन जबान्या झाल्या. बहुतेक पहिलीच धरतात. फार तर चौकशी लावतील."

"कोणाला इचारतील?" व्यंकटने विचारलं.

"पडताना ज्यांनी पाहिलं त्यांना. पण भरवसा धरू नका."

व्यंकट बाकावर बसला. मुलीकडे न बघता म्हणाला, "कोण कोण व्हतं मैदानावर?"

शिवांगीने आईकडे पाहिलं.

"बोल की. रागावून न्हाई राहिलो."

"राजकन्या," ती म्हणाली. "महामाया. माझ्यासंगं खेळणाऱ्या पोरी."

"घरं ठावं हायती?"

"हाव."

"चौकशीवाले कधी येतील?" उज्वलाने खिडकीत विचारलं.

"येतील, नाहीतर नाहीही येणार."

व्यंकट उठला. "आपणच जाऊ आधी त्या पोरींकडं. साक्ष द्या म्हणू," म्हणाला, आणि शिवांगीला धरायला वाकला.